निकाहाआधीचं सांगणं

आर्णीचा जलाल नीळकंठरावांचा ट्रक चालवायचा. वय अठ्ठावीस, अंगाने दणकट. १९६१च्या दिवाळीनंतर कापसाच्या गाठी घेऊन यवतमाळला जाताना चढावरच त्याच्या छातीत फडफड सुरू झाली. दुखत नव्हतं, पण काळीज एकदा पळत होतं, एकदा अडखळत होतं. त्याने ट्रक कडेला घेतला, चाकाखाली दगड लावला आणि पळसाखाली बसून राहिला. तीन तासांनी फडफड आली तशी गेली.

पुढच्या दोन महिन्यांत असं आणखी तीनदा झालं. त्याच्या अम्मीने, म्हणजे हलीमाबीने, नजर लागली म्हणून दंडावर ताईत बांधला. जलालने तो राहू दिला आणि यवतमाळच्या डॉक्टरांनाही गाठलं. नेमकी त्या वेळी फडफड चालू होती. डॉक्टरांनी छातीचे ठोके मोजले, मग मनगटाचे. दोन्ही आकडे जुळेनात.

"लहानपणी सांधे सुजले होते?"

"नऊ वर्साचा होतो तवा. महिनाभर खाटेवर होतो."

डॉक्टरांनी नागपूरला पाठवून हृदयाचा आलेख काढवला. लहानपणी सांधे सुजवणाऱ्या त्या तापानेच हृदयाची झडप खराब झाली होती. "हे जाईल आणि परत येईल," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चुकवू नको. आणि ट्रक सोड."

गोळ्या त्याने सुरू केल्या. ट्रक काही सोडवेना.

महागावच्या मोहिउद्दीन कल्हईवाल्याच्या गुलनारशी त्याचा निकाह ठरलेला होता. अम्मी म्हणाली, "आता सांगू नोको. लगन झाल्यावर पाहू."

जलाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने महागावला गेला. मोहिउद्दीनचाचा भात्यापाशी बसून पातेल्याला कल्हई लावत होते. जलालने सगळं सांगितलं. चाचांचा हात थांबला.

"हे मले काहून सांगून राह्यला? लपवलं असतं तं कोनाले समजलं असतं?"

"तिले समजलं असतं. पह्यल्याच खेपेले."

दाराच्या पडद्याआडून गुलनारचा आवाज आला. "तवा जवळच्या मानसानं काय करा लागते?"

हे आजवर त्याला कोणी विचारलं नव्हतं. थोडा विचार करून तो म्हणाला, "बाजूले बसा लागते. बोला नाही लागत."

चाचांनी आठ दिवस मागून घेतले. दहाव्या दिवशी निरोप आला: पोरगी तयार आहे, पण ट्रक सोडावा लागेल. रस्त्यावर आणखी लोक असतात.

जलालने त्याच संध्याकाळी किल्ली नीळकंठरावांच्या हातात दिली. ते म्हणाले, "मिस्त्रीकाम तुले येतेच. हातातली कला वाया नको घालू." बसस्टँडामागे त्यांचं पत्र्याचं शेड रिकामं होतं. जलाल तिथे इंजिनं खोलू लागला. त्याचा ट्रक दुसरा कोणी चालवत बाहेरून जाताना गिअरचा आवाज यायचा, तेव्हा काही दिवस तो काम टाकून उभा राहायचा. पुढे सवय झाली.

निकाहानंतर दीड महिन्याने फडफड आली ती दोन दिवस राहिली. गुलनार खाटेशेजारी तूर निवडत बसली. दुसऱ्या दुपारी जलालच कंटाळला. "काही बोल नं."

"तुम्हीच म्हनलं होतं, बोलू नाही."

त्याला हसू आलं. मग ती महागावच्या शेजाऱ्यांचं एकेक सांगत गेली, आणि संध्याकाळपर्यंत नाडी जागेवर आली.

वर्षाला चार-पाच वेळा तरी असं होई. जड सामान उचललं की दम लागे. कुठेही जायचं ठरलं की तो आधी स्वतःची नाडी बघे, आणि बरी असली तरी भरवसा ठेवत नसे.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात फडफड आली ती गेलीच नाही. महिनाभराने डॉक्टर म्हणाले, "आता ठोके असेच राहणार. गोळ्यांनी वेग आवरता येईल, तेवढंच."

बाहेर आल्यावर गुलनारने विचारलं, "आता कसं वाटून राह्यलं?"

"बरं," जलाल म्हणाला. "आता फडफड कधी येईल म्हनून वाट पाहाची गरज नाही."

मोटारीला अजून वेळ होता. दोघांनी स्टँडवर चहा घेतला.