दोन कुत्री, एक पिंजरा

"मावशी, नेटवर सगळं दिलंय बघा." देवश्रीमॅडमनी मोबाईल माझ्या नाकाशी धरला. "पगचा खर्च पॉमेरेनियनच्या जवळजवळ दुप्पट. डोळ्यांना जखमा होतात, चेहऱ्याच्या घड्या चिघळतात, श्वासाचा त्रास. पॉमेरेनियनचे दात लवकर पडतात, गुडघ्याची वाटी सरकते, कधी खोकला. बाकी ठणठणीत."

"दात तर माझेबी पडल्यात," मी म्हटलं. "माझा खर्च किती लिवलाय?"

त्या हसल्या, पण उसनं. खोलीभर काळ्या पेट्या पडल्या होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात मेजरसाहेबांचं नाव. बदली पार आसामात. रेल्वेचा अडीच दिवसांचा प्रवास, तोही मे महिन्यात. कुत्र्याला लोखंडी पिंजऱ्यात घालून गार्डच्या डब्यातून न्यायचं, आणि तिथे जागा मिळाली होती एकाच पिंजऱ्याची.

कुत्री दोन. लाडू हा पग, चपट्या काळ्या तोंडाचा, पंचवीस हजारांना आणलेला. सोनी ही पांढरी पॉमेरेनियन. खरं नाव स्नोई, पण माझ्या जिभेला ते वळत नाही. आधीच्या कुणा साहेबांनी बदलीवर जाताना ती ह्यांच्या पदरात टाकलेली. भिंगारच्या लष्करी छावणीतल्या ह्या साहेबलोकांची कुत्री मी एकोणीस वर्षं सांभाळतेय. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण कुत्र्याची शी बघून सांगते, काल त्याला कुणी चोरून काय चारलं.

"आम्ही असं ठरवलंय," मॅडम म्हणाल्या, "लाडूला आम्ही नेतो. सोनी तुमच्याकडे ठेवतो. तिचा खर्च तुम्हाला झेपेल. लाडूचं ओझं तुमच्यावर कशाला?"

झेपेल! मिरची डोळ्यात गेल्यासारखा झोंबला तो शब्द. एरवी मी तिथल्या तिथे परत केला असता. त्या दिवशी मात्र गिळला, कारण सोनी मला हवी होती. मी फरशी पुसायला वाकले की माझ्या पदराचं टोक तोंडात धरून मागे मागे फिरायची ती. चार वर्षं फिरली. आता घरीच येणार होती.

घरी आल्यावर माझी सून आरती म्हणाली, "आत्या, आज गालातल्या गालात हसताय जनू!"

"सोनी येनार हाय आपल्याकडं."

"आन् तो नकटा?"

"त्यो जानार त्यांच्यासंगं. रेल्वेच्या पिंजऱ्यात."

आरतीचा भाकरीवरचा हात थांबला. "ह्या उन्हात? जिना चढला तरी त्याला धाप लागती म्हनता ना तुमी?"

"तू भाकरी बघ. करपली."

भाकरी करपली नव्हती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मॅडम चार दिवस पुण्याला गेल्या होत्या. दुपारी लाडूला बाहेर काढायचं नाही, एवढंच बजावून गेल्या. नेमकी माझी नणंद पाथर्डीहून आली. एवढ्या किमतीचं कुत्रं लोक माझ्या भरवशावर सोडून जातात, हे तिला दिसायला हवं होतं. मी दोनच्या उन्हात लाडूला बाजारातून चालवत घरी आणायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी तो बसला तो उठेचना. जीभ बाहेर, निळी पडलेली. घशातून करवतीसारखा आवाज.

"मेलं का गं?" दारातून नणंदेनं विचारलं.

मी त्याला उचलून नळाखाली धरला, ओला पदर गुंडाळला आणि रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "आजी, दहा मिनिटं उशीर झाला असता तर गेलाच होता. ह्याचं नाकच जन्माचं बुजलेलं. ह्याला ऊन म्हणजे विष." संध्याकाळी लाडू शेपटी हलवत दहीभात खात होता. मॅडम आल्या तेव्हा मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

मोबाईलमध्ये श्वासाचा त्रास लिहिलेला होता. तो कसा दिसतो ते लिहिलेलं नव्हतं.

तीन दिवस मला घास गोड लागला नाही. शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळत नसेल का, असं मी मनाला सांगायची. गार्डही पाणी पाजेलच की. बोलले तर सोनी जाणार होती, आणि एकोणीस वर्षांचं नाव जाणार होतं. गुरुवारी मॅडम पिंजऱ्यात लाडूचं अंथरूण मावतं का ते बघत होत्या. लाडू आपणहून आत जाऊन बसला आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

"मॅडम, त्याला नेऊ नका. मरंल त्यो."

"काहीतरीच काय, मावशी! बर्फाच्या पिशव्या ठेवणार आहोत."

"बर्फ मनमाडच्या म्होरं टिकायचा न्हाई. मी बघितलंय त्याला मरताना."

आणि मी सगळं सांगितलं. नणंदेसकट.

मॅडम पेटीवर बसल्या. "वर्षभर खोटं बोललात माझ्याशी?"

"खोटं न्हाई बोलले. गप बसले."

"एकच आहे ते!"

"व्हय. एकच हाय."

"मग आता त्याला कुणाकडे ठेवू? तुमच्याकडे?"

तो टोमणा होता. मी सरळ उत्तर दिलं. "माझ्याकडंच. त्याची जीभ कवा निळी पडती ते माझ्याबिगर कुनी बघितल्यालं न्हाई. सोनीला न्या. तिचं नाक उघडं हाय. दर मोठ्या टेसनाला पानी पाजा. गळ्याचा पट्टा नको, छातीचा बांधा, न्हाईतर खोकंल."

मी वाकून लाडूला पिंजऱ्यातून बाहेर काढला.

मॅडमनी उठून औषधांची पिशवी आणली आणि माझ्याकडे न बघता पुढे केली. "डोळ्यांचे थेंब दिवसातून तीनदा. दर महिन्याला मी पैसे पाठवीन."

"पैशाचं काढू नका."

"मावशी, तुमचा ताठा त्याच्या डोळ्यांना परवडायचा नाही."

"थेंबाचे पाठवा मग," मी म्हटलं. "खायचं माझं."

शनिवारी ते निघाले. मी निरोपाला गेले नाही. लाडू सकाळपासून आमच्या उंबऱ्याशी जाऊन धापा टाकत बसत होता. माझा मुलगा बिभीषण कामावर जाताना आपल्या खोलीतला कूलर बाहेर लावून गेला, तेव्हा कुठे अकराच्या सुमाराला लाडू माझ्या पावलावर डोकं टाकून झोपला. श्वास एका लयीत चालला होता. मी तो मोजत होते.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा आवाज आला, आणि त्यात सोनीचं बारीक, घाईघाईचं भुंकणं.

आरती पिठाच्या हातानं दाराकडे धावली. "आत्या, लवकर या! सोनी चालली! खिडकीतनं इकडंच बघतीया!"

लाडूचा कान हलला. मी त्यावर तळहात ठेवला, आणि ते भुंकणं स्टेशनच्या रस्त्याला लागून ऐकू येईनासं होईपर्यंत हात उचलला नाही.