रंगरावांच्या छातीवरची फुली

मी एक फुली बोलतेय. जांभळ्या शाईची, बोटभर लांब. मांजरी गावच्या रंगरावांच्या छातीवर माझा मुक्काम.

रंगरावांच्या फुप्फुसातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, म्हणून ऑपरेशन होणार नव्हतं. उरले ते रेडिएशनचे किरण. ते नेमके कुठे सोडायचे हे कळावं म्हणून किरण देणाऱ्या मंदाकिनीबाईंनी दवाखान्यात मोजूनमापून मला काढलं. "तीस दिवस, खाडा नको. हिला साबण लावायचा नाही," असं बजावलं.

मुलगा अभिनव हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने सगळ्या सूचना झकास छापून फ्रिजवर चिकटवल्या. इंग्रजीत! आईला, म्हणजे सोजरबाईंना, मराठीसुद्धा अडखळत वाचता येतं. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

पंधरा दिवसांत रंगरावांचा घसा आतून सोलला. भाकरी सोडाच, पेजसुद्धा उतरेना. माझ्या भोवतीची कातडी काळी पडून खाजू लागली. चार पावलांत दम लागायचा. तरी गडी रोज जायचा. मला अभिमान वाटायचा हो!

आणि आली दिवाळी. पहिल्या आंघोळीला सोजरबाई तेल-उटणं घेऊन हजर.

"अगं, साबण नको म्हणाल्यात," रंगराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"ह्यो साबण हाय व्हय? उटणं हाय! सणाचं पारोसं ऱ्हायचं का?"

आणि घासलं की मला! कातडी सोलवटली, मी गेले.

"उटण्याचा वास छान येतोय," दवाखान्यात मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आमची फुली कुठंय?"

फ्रिजवरच्या कागदात 'तेल-उटणंही नको' अशी ओळ होती. अभिनव आईवर ओरडला. अरे बाबा, एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं? जखम सुकेपर्यंत आठ दिवस वाया गेले. नको होता तोच खाडा पडला. मग पुन्हा मोजमाप, पुन्हा मी. अभिनव ओरडला त्या दिवशी सोजरबाई जेवल्या नाहीत.

तिसावा दिवस होऊन तीन आठवडे झाले. गाठ किती आटली ते तीन महिन्यांनी कळणार. कातडी बरी झाली, मंदाकिनीबाईंनी साबणाची परवानगी दिली. पण सोजरबाई माझ्या कडेकडेने पाणी घालतात, मला बोटही लावत नाहीत.

"आता घास की," रंगराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. ती हाय तवर औषध चालू हाय असं वाटतंय."

अहो बाई, माझं काम झालंय. नको तेव्हा एवढं घासलंत, आता घासा ना! पण त्या पुन्हा कडेकडेनेच तांब्या ओततात, आणि मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.