मघाच्या पाण्याची बरणी

सावरटोकच्या इंदूबाईंच्या देवघरात काचेची एक बरणी होती, आणि त्या बरणीतलं पाणी कधी कमी होत नसे. कुणाचे डोळे आले, कुणाच्या तान्ह्याचं पोट फुगलं, की बाया वाटी घेऊन यायच्या. इंदूबाई त्यांना आधी ताटकळत ठेवायच्या, मग दोन खडे बोल सुनवायच्या आणि मग पळीभर पाणी द्यायच्या. ते मघाचं पाणी. ऐन पावसाळ्यात मघा नक्षत्र लागलं की अंगणात चार काठ्यांना धुतलेलं पांढरं धोतर बांधायचं, मधोमध एक गोटा ठेवायचा आणि खाली बरणी. असं आभाळातून थेट उतरलेलं पाणी वर्षभर किडत नाही, असं म्हाताऱ्या सांगत आल्या आहेत. इंदूबाईंनी मात्र त्या पाण्यावर आपला सत्तर वर्षांचा तोरा उभा केला होता.

पडल्या तर मघा, नाही तर ढगाकडं बघा, असं म्हणतात. सावरटोक तीन वर्षं ढगाकडंच बघत होतं. बरणी मात्र काठोकाठ. यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटलं नाही, उलट बायांनी हात जोडले.

सून विजयमाला तेवढी त्या बरणीच्या वाटेला कधी गेली नव्हती. लेक गौरी दोन वर्षांची असताना तिचे डोळे आले, तेव्हा विजयमालानं पोरीला सरळ दिग्रसच्या डॉक्टरकडं नेलं होतं. सासूनं ते अठरा वर्षं जपून ठेवलं. लोक दागिने जपतात, इंदूबाई अपमान जपायच्या.

विजयमालाला त्या बरणीपुढं जायची वेळ आली ती २००५ च्या उन्हाळ्यात, आणि आली ती बॅटरीपायी.

सावरटोकच्या तिन्ही बाजूंना धरणाचं पाणी. रस्त्यानं दिग्रसला जायचं तर अर्ध्या दिवसाचा वळसा, तोही जीप मिळाली तर. नावेनं वीस मिनिटं. ती नाव विजयमालाच्या नवऱ्याची, नानाजीची. शेत धरणात गेलं तेव्हा आलेल्या मोबदल्यातून त्यानं डिझेल इंजिनाची नाव घेतली होती. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, पण नावेला गिऱ्हाईक होतं. कापसाची गाठोडी जायची, आजारी माणसं जायची आणि यवतमाळकडून जीव दिलेल्या शेतकऱ्यांची चौकशी करायला साहेब लोक यायचे. इंजिन बसायच्या फळीखाली असं कोंबून बसवलेलं की हॅन्डल मारायला जागाच नाही. किल्ली फिरवायची, बॅटरीनं इंजिनाला धक्का द्यायचा, तरच नाव हलणार. अशा दोन बॅटऱ्या एका वर्षात मेल्या होत्या. संक्रांतीनंतर तिसरी आणली, आणि त्याच आठवड्यात गौरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

दिग्रसच्या डॉक्टरीणबाईंनी गौरीला तपासून स्पष्ट सांगितलं होतं, बाळ आडवं आहे, घरी काही करू नका. दिवस भरत आले की इथंच खोली घेऊन राहा, नाहीतर कळ आली की तासाभरात आणा. खोलीचं नाव काढताच इंदूबाई कडाडल्या, "आपल्या घरची लेक भाड्याच्या खोलीत बाळंत व्हाची नाई." नानाजी आईपुढं कधी बोललेला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. मग उरली फक्त नाव. विजयमालाला त्या दिवसापासून लेकीच्या पोटाकडं पाहिलं की बॅटरी आठवायची.

बॅटरीवाला हरिसिंग दिग्रसला बसस्टँडमागं बसायचा. त्यानं तिला सगळं नीट समजावलं.

"वहिनी, हिले दर पंधरा दिवसांनी पाणी पाजा लागते. पण आपण पेतो ते नाई. त्यात ना चुना पायजे, ना मीठ."

"मंग दुकानातलं कॅनीतलं आणतोच ना आमी?"

"त्याच कॅनीनं तुमच्या दोन मेल्या. बोरचं पाणी भरून इकून राह्यले लोक. असं करा, चमचाभर पाणी ताटलीत घ्या अन् चुलीवर आटवा. ताटली कोरी राह्यली तं बिनधास्त टाका. पांढरं उमटलं तं नोका टाकू."

"अन् सगळंच पांढरं निंगालं तं?"

"मंग आभाळातलं. पण पत्र्यावरून उतरलेलं नाई हं. काचेत धरलेलं."

होळीच्या दिवसांत आभाळातलं पाणी मागणं म्हणजे वांझेकडं नातू मागणं. तरी विजयमाला हटली नाही. तिनं शाळेजवळच्या हापशीचं पाणी आटवलं, ताटली चुन्यानं सारवल्यासारखी झाली. देवळाच्या विहिरीचं आटवलं, टँकरचं आटवलं. ज्या धरणावर नाव तरंगायची त्याचंही आटवलं, तर गढूळ पिवळं कडं उरलं. साहेब लोकांनी नावेत अर्धवट टाकलेल्या बाटलीतलं विकतचं पाणीसुद्धा तिनं सोडलं नाही. त्यानंही फिकट का होईना, डाग सोडलाच. शेजारची मोतीबाई हे सगळं कुडावरून पाहायची आणि गावभर सांगायची की नानाजीच्या बायकोले पाणी भाजाचं येड लागलं.

शेवटी बरणीच उरली. काचेतली, थेट आभाळातली.

इंदूबाई याच दिवसाची वाट पाहत होत्या. त्यांनी सुनेला एकटीला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मोतीबाईसह पाच-सात बाया ओसरीवर जमल्यावर तिला हाक मारली.

"काय पायजे म्हणत होती वं तू? सांग ना आता."

"मघाचं पाणी पायजे, आत्याबाई. नावेच्या बॅटरीसाठी. गौरीसाठी."

"गौरीचे डोये आल्ते तवा तं नोको होतं तुले. तवा दाक्तर मोठा होता. घास नाक उंबऱ्यावर, अन् म्हन चुकलं म्हणून."

बेचाळीस वर्षांची विजयमाला सगळ्यांदेखत खाली बसली. आतल्या खोलीच्या दारात गौरी पोटावर हात ठेवून उभी होती, ती म्हणाली, "आई, नोको करू." विजयमालानं नाक घासलं. एकदा नाही, तीनदा, कारण पहिल्या दोन्ही वेळा इंदूबाईंना ते नीट दिसलं नाही. लेकीसाठी आई काय करत नाही, असं लोक म्हणतात. त्या दिवशी ओसरीवरच्या बायांनी ते फुकटात पाहिलं.

मग इंदूबाई आत गेल्या आणि बाटली भरून घेऊन आल्या. बाटली हातात देताना म्हणाल्या, "आन एक आयक. तुया त्या ताटलीत हे टाकू नोको. मघाच्या पाण्याले आग दाखवू नाई. ज्या घरी ते तापते, त्या घरची कूस करपते."

विजयमालाचा शकुन-अपशकुनावर फारसा विश्वास नव्हता. पण लेक नवव्या महिन्याकडं झुकलेली असताना विश्वास नसलेल्या गोष्टीसुद्धा माणूस पाळतो. गावातलं एकूणएक पाणी तिनं ताटलीवर आटवून पाहिलं होतं. तेवढं एकच पाणी न आटवता तिनं बॅटरीत घातलं. पुढं दर पंधरा दिवसांनी बाटली मागितली. दर वेळी दुसऱ्या दिवशी पाहावं तर बरणी काठोकाठ. विजयमालाही मग जाता-येता देवघराला हात जोडू लागली. असेल बाई काहीतरी, तिला वाटायचं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी दहाला गौरीला कळ आली. विजयमाला घाबरली नाही. तिनं तयारी करून ठेवली होती, गोधडी, गरम पाण्याचा थर्मास, डॉक्टरीणबाईंचा कागद. नावेत गोधडी अंथरून गौरीला निजवलं. इंदूबाईही वाटीत मघाचं पाणी घेऊन बसल्या. नानाजीनं किल्ली फिरवली.

इंजिनातून एक बारीक कट् असा आवाज आला, बस. परत फिरवली, परत कट्. तिसऱ्या वेळी तोही आला नाही.

"कालच तं चालू झाल्ती," नानाजी म्हणाला आणि किल्लीच फिरवत राहिला. शेवटी विजयमालानं त्याच्या हातावर चापट मारली आणि बांबू उचलला. गावातले दोघे गडी धावत आले. काठाजवळ बांबू रेटत आणि खोल पाण्यात फळ्यांनी वल्हवत ती अवजड नाव निघाली. वर वैशाखाचं ऊन. वीस मिनिटांच्या वाटेला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत गौरी आधी ओरडली, मग कण्हली, मग नुसतीच आईच्या पदराला धरून राहिली. इंदूबाई तिच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडत होत्या आणि म्हणत होत्या, "काही होत नाई, मघाचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी गौरीला वाचवलं. बाळाला नाही. मुलगी होती, अंगानं चांगली भरलेली. "दीड-दोन तास आधी आणायला हवं होतं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

चार दिवसांनी हरिसिंगनं विजयमालासमोर बॅटरीची बुचं उघडली. आत डोकावून त्यानं मान हलवली.

"पार पांढरी झाली, वहिनी. तयाशी गाळ पाहा. म्या सांगतलं होतं ना, हापशीचं नोका टाकू."

"हापशीचं नाई टाकलं, भाऊ. मघाचं टाकलं. दर वेळी मघाचंच."

"आटवून पाह्यलं होतं?"

विजयमालाला एकदम तीन कोरडे पावसाळे आठवले आणि काठोकाठ बरणी आठवली. इतकं साधं गणित तिनं केलं नव्हतं, याचा तिला स्वतःचाच संताप आला. गौरीला घेऊन परत येताना गड्यांनी वल्हवलेल्या नावेत ती तोंडावर पदर घेऊन बसून होती.

घरी इंदूबाई देवघरात वाती वळत होत्या. विजयमालानं दार लोटून घेतलं.

"बरणीत काय हाय, आत्याबाई?"

म्हातारी सावकाश वात संपवून म्हणाली, "हापशीचं. तीन सालापासून हापशीचंच हाय. मघा पडल्याच नाईत, मंग काय बरणी रिकामी ठेवू? गावात कोणी विचारलं असतं मले?"

"मले सांगाचं होतं. म्या नाक घासलं तुमच्यापुढं. पोरीच्या जिवाचं होतं."

"मले काय मालूम, लोखंडाच्या डब्ब्यालेबी पाण्यातला फरक समजते म्हणून? लेकरांचे डोये बरे होतेत त्याच पाण्यानं." मग तिनं पहिल्यांदा सुनेकडं नीट पाहिलं. "जाय, सांग गावाले. सांगून तं पाय."

विजयमालानं खरंच सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गौरीला भेटायला बाया आल्या होत्या. आतल्या खोलीत गौरी छातीला घट्ट फडकं बांधून बसली होती, कारण दूध थांबत नव्हतं आणि प्यायला कुणी नव्हतं. विजयमालानं ओसरीवर चूल मांडली, बरणी आणली आणि सगळ्यांदेखत ताटलीत पाणी ओतलं. बाया "अवं, काय करून राह्यली!" म्हणून उठल्या. इंदूबाई मात्र खांबाला टेकून बसल्या होत्या.

"पाहा सगळ्या जणी," विजयमाला म्हणाली. "हे मघाचं असंन तं ताटली कोरी राहीन. हापशीचं असंन तं पांढरी होईन. याच पाण्यानं माही नात मारली."

पाणी चरचरलं, आटलं. ताटलीवर जाड पांढरा थर उरला. विजयमालानं ताटली उचलून एकेकीच्या समोर धरली. तिला रडू येत होतं, पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. आता तरी सगळ्यांना दिसलं.

मोतीबाईनं ताटलीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं बोट त्या थरावर घासलं आणि आपल्या कपाळाला लावलं.

"भस्म निंगालं वं बाई," ती म्हणाली. "आगीत टाकलं तरी मघानं भस्मच देलं."

दुसरीनं बोट पुढं केलं, मग तिसरीनं. कुणी नातवासाठी पदराच्या टोकाला बांधून घेतलं. विजयमाला ओरडून सांगू लागली की चुना आहे हा, हापशीचा चुना, शाळेजवळ जाऊन बघा. कुणी ऐकेना. मोतीबाई सगळ्यांना समजावत होती, "म्या पाह्यलं ना माह्या डोयानं. होळीपासून हे पाणी भाजून राह्यली होती. इंदूबाईनं बजावलं होतं हिले, कूस करपते म्हणून. आता लेकीची करपली, तं म्हातारीवर घेते."

इंदूबाई खांबाचा आधार घेऊन उठल्या. "जाऊ द्या," त्या मोठ्या मनानं म्हणाल्या. "नात गेली, डोस्कं फिरलं तिचं. विजे, सगळ्याईले नाई पुरलं. आजून एक ताटली ठेव."

तेवढ्यात गौरी दारात आली. भिंतीला धरत धरत ती चुलीपाशी आली, खाली बसली आणि ताटलीच्या कडेला उरलेलं पांढरं बोटानं गोळा करून तिनं कपाळाला लावलं. मग आईकडं न बघताच तिनं विचारलं.

"आई, तू आधीबी तापवलं होतं का वं?"

"नाई गं माय," विजयमाला म्हणाली. "हेच एक नाई तापवलं."

गौरीनं मान हलवली, पण ती आजीच्या शेजारी जाऊन बसली.