रोवण्यातलं पहिलं पाऊल

कोंढ्याला मंदाबाईंच्या घरी त्या सकाळी बारशाची तयारी चालली होती. तयारी कसली, घुगऱ्या शिजत होत्या आणि आड्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधून झाली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली कामिनी तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन झोळीकडे बघत होती. शेजारी सागवानी पाळण्यात तिच्या धाकट्या भावाचा, जीवनचा मुलगा गाढ झोपला होता. मुलाला पाळणा आणि मुलीला झोळी, ही या घरची रीत. ती कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि मोडायचं धाडसही कुणी केलं नव्हतं.

"आजच्या दिवस पाळणा दे ना, माय," कामिनी म्हणाली.

"पोरगा झोपला हाये ना त्यात. पोरीले झोळी चालते. तू बी झोळीतच वाढली."

कामिनी मनातून जळली. हे जळणं जुनं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मंदाबाईंना विचारलं होतं, "कामिनी झाली तेव्हा काही त्रास झाला होता का?" मंदाबाई म्हणाल्या, "हिचं काही ध्यानात नाही." आणि लगेच जीवनच्या जन्माची कथा लावली. होळी पेटत होती, दायी उशिरा आली, पोरगं कसं गोरंपान होतं! जीवनला शेत मिळालं, घर मिळालं, त्याचं कामिनीला काही वाटलं नव्हतं. आईच्या आठवणीत त्याने अडवलेल्या जागेचा मात्र तिला भयंकर हेवा वाटे. स्वतःची लाजही वाटे, पण हेवा काही जात नसे.

दुपारी बायका जमल्या. मंदाबाईंनी नातवाला पाळण्यातून उचलून मांडीवर घेतलं आणि नेहमीची गोष्ट सुरू केली.

"याचा बाप नवव्या महिन्यात चालला. धानाचा रोवणा सुरू होता. मी त्याले शेताच्या धुऱ्यावर बसवून धानाच्या बांधीत उतरली, त पठ्ठ्या उठून चिखलात माह्याकडं चालत आला."

ही गोष्ट कामिनीने शंभरदा ऐकली होती. पण आज मांडीवर स्वतःचं लेकरू होतं, महिने मोजायची सवय लागली होती.

"माय, जीवन होळीले झाला ना? मंग नववा महिना हिवाळ्यात येते. तवा धान कापून होते. पावसाळ्यातला रोवणा कुठून आला?"

मंदाबाई बोटं मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांच्यासोबत भाताची रोपं लावत रोवणा करणाऱ्या कुंताबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मंदे, जीवन तवा पोटात बी नव्हता. ते कामिनी होती. दिवाळीची पोर. मीच त हिले चिखलातून उचलली."

कामिनीला वाटलं, आता आई आपल्याकडे बघेल.

मंदाबाई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, "मंग माहा जीवन कवा चालला?"

कामिनीचा इतक्या वर्षांचा हेवा त्या एका वाक्याने विझला. उरला तो नुसता राग. ज्या पावलांवरून ती जळत आली होती, ती पावलं तिचीच होती. ती उठली, मुलीला घेऊन रिकाम्या पाळण्याशी गेली आणि तिला आत निजवलं.

"माही पोरगी झोळीत जाणार नाही. हे चालत नसंल त तिचं नाव मी आपल्या घरी जाऊन ठेवतो."

मंदाबाईंनी तोंड उघडलं, पण कुंताबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली होती. एकेक बाई उठून पाळण्याभोवती आली. मुलीचं नाव चंद्रकला ठेवलं गेलं.

बायका गेल्यावर मंदाबाई लेकीजवळ येऊन बसल्या. बराच वेळ त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"कामिने, तवा तू चिखलात पडली होती का वो? रडली होती का?"

"मले कसं ध्यानात राहीन, माय?" कामिनी म्हणाली. "ते त तुलेच ठेवाले पाह्यजे होतं."