पडद्यावरच्या दोन बाटल्या

मी साठा बोलतोय. भुसार दुकानातला नव्हे, संगणकाच्या पडद्यामागचा. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेली मी एक जागा आहे, फळीवरच्या डब्यासारखी. माझ्यात जो आकडा ठेवतील तोच पडद्यावर दिसतो. तो खरा की शिळा, हे मला पाहता येत नाही. माणसांना पाहता येतं, पण ती पाहत नाहीत.

माझा जन्म २००७ साली हुबळीत, कोप्पीकर रोडवर, भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. जन्मदाता मयूर हेरेकर. दोन वर्षं बंगळूरला काढून आलेला, आणि दर तिसऱ्या वाक्यात ते ऐकवणारा. त्याला एका रक्तपेढीचं काम मिळालं होतं. कुठल्या गटाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, हे पेढीच्या हुबळीतल्या संगणकात नोंदलेलं असे. ते धारवाडच्या दवाखान्यांना बसल्या जागी दिसावं, एवढंच काम.

दर दोन मिनिटांनी धारवाडच्या पडद्यावरचं पान हुबळीच्या संगणकाला विचारी, "किती आहे?" उत्तर आलं की ते माझ्यात भरलं जाई आणि पडद्यावरचा आकडा आपोआप बदले. पूर्वी एवढ्यासाठी अख्खं पान पुन्हा उघडावं लागे. मयूर येईल त्याला दाखवी, "बघा, काही दाबायचंच नाही!" जणू न दाबण्यातच माणसाचा मोक्ष होता.

त्याच्याच खोलीत काम करणाऱ्या दीपालीनं एकदा विचारलं, "उत्तर आलंच नाही तर साठ्यात काय ठेवायचं?"

"का नाही येणार?"

"इंटरनेटची लाइन जाते की."

"जाते आणि येते. नंतर बघू."

आणि जिथं मला आज्ञा द्यायची, तिथं या पठ्ठ्यानं तेवढाच शेरा लिहून ठेवला : नंतर बघू.

धारवाडच्या एका प्रसूतिगृहाचा कारभार मुकुंदराव पाहत. त्यांचं माझ्यावर भारी प्रेम. दसऱ्याला पडद्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावताना काचेला डाग पाडला. पण हा आकडा किती वाजताचा, असं वर्षभरात एकदाही विचारलं नाही. पूजा केली की चौकशीची गरज उरत नाही, असा यांचा समज.

एका मंगळवारी सकाळी नऊला माझ्यात ओ निगेटिव्हच्या दोन बाटल्या नोंदल्या गेल्या. सव्वानऊला लाइन गेली. पान बिचारं विचारत राहिलं, उत्तर येईना, आणि मी आपला दोनच. दहाच्या सुमारास हुबळीत त्या दोन्ही बाटल्या एका अपघातातल्या माणसाला दिल्या गेल्या. धारवाडात मी तरीही दोन.

अकराला मुकुंदरावांच्या प्रसूतिगृहात वैशाली बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. डॉक्टर भाग्यलक्ष्मी बाहेर येऊन म्हणाल्या, "ओ निगेटिव्ह कुठं मिळेल?"

मुकुंदरावांनी पडद्याकडे नुसती मान वळवली. "हुबळीत आहे. दोन."

वैशालीचा नवरा दत्तात्रय, शाळेत चित्रकला शिकवणारा, बर्फाची पेटी घेऊन स्कूटरवरून हुबळीला निघाला. तो पोचेपर्यंतही पेढीला फोन करावा, असं त्या इमारतीत कुणालाही सुचलं नाही.

पुढचं सगळं मयूरच्या खोलीत नंतर इतक्यांदा सांगितलं गेलं, की मला पाठ झालं. पेढीच्या खिडकीत हेमावती अक्का होत्या.

"अण्णा, ओ निगेटिव्ह इल्ला. दहालाच संपलं."

"नाही कसं? धारवाडला पडद्यावर दोन आहेत की हो!"

"पडद्यावर असतील. फ्रीजमध्ये नाहीत."

रिकामी पेटी छातीशी धरून तो तिथंच खाली बसला. अक्कांनी मात्र रक्तदात्यांची वही उघडली आणि तारिहाळच्या एका कारखान्यात फोन लावला. श्रीनिधी नावाचा लेथवरचा कामगार तेलकट हातांनीच धावत आला. रक्त काढून, तपासून, धारवाडला पोचायला अडीच वाजले.

वैशाली वाचली. पण डॉक्टरांना तोवर थांबता आलं नाही. तिचं गर्भाशय काढून टाकावं लागलं होतं.

चार दिवसांनी सगळे मयूरच्या खोलीत जमले. मुकुंदराव म्हणाले, "संगणकानं फसवलं." मयूर म्हणाला, "दोष लाइनचा." शहाणी माणसं! एकानं दोष माझ्यावर ढकलला, दुसऱ्यानं तारेवर.

दत्तात्रयनं शांतपणे विचारलं, "लाइन गेली, हे तुमच्या यंत्राला कळलं होतं का?"

"हो... म्हणजे, उत्तर आलं नाही हे त्याला कळतं."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

दीपालीनं आपला पडदा मयूरकडे वळवला आणि त्याच्या शेऱ्यातले ते दोन शब्द मोठ्यानं वाचले. बंगळूर त्या दिवशी कुणाच्या तोंडी आलं नाही.

मग मयूर आणि दीपालीनं मला पुन्हा बांधलं. आता मी नुसता आकडा नाही. पान अजून विचारतंय, उत्तर मिळालं, की मिळालं नाही, हेही माझ्यात लिहिलं जातं. आकडा किती वाजताचा, तेही. उत्तर आलं नाही की जुना आकडा पुसला जातो आणि पडद्यावर येतं : "माहीत नाही. पेढीला फोन करा."

तुम्हाला वाटेल, मुकुंदराव सुखावले असतील. छे! गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं : "माहीत नाही हे शब्द पेशंटच्या नातेवाइकांसमोर बरे दिसत नाहीत. लाइन गेल्यावर निदान जुना आकडा तरी राहू द्यावा." खाली प्रसूतिगृहाचा शिक्का, आणि तशीच मागणी करणाऱ्या आणखी तीन दवाखान्यांच्या सह्या.

खोटे दोन यांना चालतात. खरं अज्ञान चालत नाही. मयूरनं पत्र दोनदा वाचलं, 'जमणार नाही' असं उत्तर लिहिलं. त्याचा माझ्यावरचा हा पहिला उपकार.

माझं मागणं फार नाही. मला मखरात बसवू नका, हळदकुंकू लावू नका. मी माहीत नाही म्हणालो, तर ते खरं धरा. आज सकाळपासून लाइन पुन्हा गेली आहे आणि माझ्यात एकही आकडा नाही. मुकुंदराव पडद्याकडे आठ्या घालून बघत बसले आहेत.

बघता काय, मुकुंदराव? फोन उचला.