केसभर फट

तिने लॅपटॉप आदळतच मिटला.

“पुन्हा तेच! सूर्य कसला, गुळगुळीत चेंडू नुसता.”

गच्चीवर दुर्बीण होती आणि तिच्या मागे प्लायवूडच्या खोक्यात दाढीची दोन पाती. पात्यांमधल्या फटीसमोरून सूर्य सरकायचा, त्याच्या उजेडातला एकच तांबडा रंग कॅमेरा रेघेरेघेने टिपायचा आणि रेघा जोडून चित्र व्हायचं; फट जितकी बारीक, तितकं चित्र स्पष्ट. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दिसायला हव्या होत्या. सहा आठवडे झाले, एक दिसेल तर शपथ.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. आजारपण सरलं होतं, औषधांनी गेलेले केस स्कार्फखाली परत येत होते, डॉक्टरांनीही ‘आता कामावर जा’ म्हटलं होतं. पण हिचं एकच पालुपद: सूर्याचा फोटो निघाल्याशिवाय जाणार नाही. बाबांचं कोपऱ्यावर सलून. चाळीस वर्षं लोकांची डोकी हाताळलेल्या माणसाला सबब कळत नाही थोडीच!

“फट किती ठेवलीस?” बाबांनी विचारलं.

“केसभर. आईचा केस मध्ये धरूनच स्क्रू आवळला.”

बाबा खो खो हसले.

“आईचा? अगं, तो केस आहे की सुतळी! केसाकेसात फरक असतो, बाई. तुला जावळ लागेल, तान्ह्या बाळाचं.”

“आता तान्हं बाळ कुठून आणू?”

बाबांची नजर तिच्या स्कार्फवर गेली आणि घाईघाईने पात्यांकडे वळली. तिने ते पाहिलंच.

“काहीतरीच काय, बाबा!”

बराच वेळ ती स्क्रूशी चाळा करत बसली. मग पाठ फिरवून तिने स्कार्फची गाठ सोडली. पाच महिन्यांत बाबांनी ते डोकं पहिल्यांदा पाहिलं.

“जावळच की गं,” ते म्हणाले आणि चिमट्याने त्यांनी एक केस अलगद उपटला.

“आई गं!”

तो केस पात्यांमध्ये धरून तिने स्क्रू आवळला, केस ओढून काढला आणि सूर्य पुन्हा सरकू दिला. पडद्यावर रेघेला रेघ लागत गेली. डाव्या कडेवर एक ज्वाळा उभी राहिली, लख्ख.

“आली! बाबा, आली हो!”

ती उड्याच मारायला लागली. मग तिने हात मानेवर नेला.

“बाबा, मागून जरा सारखे करून द्याल? सोमवारी शाळा आहे.”

कात्री लावण्याजोगं तिथे अजून काहीच नव्हतं. तरीही बाबा खाली गेले, कात्री-कंगवा घेऊन आले, तिच्या मानेभोवती टॉवेल गुंडाळला आणि चांगली दहा मिनिटं हवेतच कात्री कचकचवत राहिले.