पालथ्या डब्या

रबरी ठशांच्या शाईची ती डबी, काड्यापेटीहून जरा रुंद, झाकणावर बोटाएवढा निळा ठिपका, मघापासून तिने मुठीत धरून धरून कोमट झाली होती, आणि समोरच्या भिंतीवर अशा डब्यांसाठी केलेले एकशे वीस खण तिच्याकडे आ वासून बघत होते. भिंतीवर! टेबलावर नाही, कपाटात नाही. नवऱ्याने आठ स्क्रू मारून पक्के केलेले. तिने मोजले होते. आठ.

बाल्कनीत नवरा लाकडाचा भुसा झाडत होता. खर्र, खर्र... अजून किती झाडायचा असतो माणसाने भुसा?

सव्वातीन. पाचपर्यंत कळवायचं होतं. ‘आज पाचपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल,’ असं कागदवालीने सकाळीच लिहिलं होतं. कागदवाली म्हणजे सहा तासांवरच्या गावात कागद आणि शाया विकणारी बाई. दुकानाच्या वर तिची मोठी खोली होती. तिथे ठशांचे वर्ग चालवायचे, भेटकार्डं करायला शिकवायचं, आणि मागच्या खोलीत राहायचं. राहायचं... हा शब्द गेले बारा दिवस ती जिभेवर घोळवत होती. सुट्टीपुरतं नाही, मन रमेपर्यंत नाही. राहायचं. आणि नवऱ्याला एका अक्षराने सांगितलं नव्हतं. आज चारला, चहाच्या वेळी सांगायचं असं तिने ठरवलं, आणि हा शहाणा सकाळी उठून ड्रिल घेऊन उभा!

जायला कारण हवं, आणि माझ्याकडे होतं. एकच, पण पक्कं. ह्या माणसाने मला कधी पाहिलंच नाही. कचेरीत नकाशे काढताना सुताएवढी रेघ चुकली तर ह्याच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि घरात... मी केस खांद्यापर्यंत कापून आले तेव्हा आठव्या दिवशी म्हणाला, “चष्मा बदललास का?” मी हसले. चारचौघांत सांगून सगळ्यांना हसवलंही. पण ते मला लागलं होतं, फार लागलं होतं.

तेव्हा खणही चुकलेच असणार, याची तिला खात्री होती. न कळणारा माणूस ह्या डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावतो, मग शाई सगळी एका कडेला उतरते. नाहीतर सुलट्या ठेवतो, मग शाई तळाशी बसते आणि वरची गादी कोरडी ठक्क. डब्या आडव्या हव्यात, आणि पालथ्या. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं ती बहिणीला फोनवर सांगायची. आता त्याने चूक केलेली असू दे, एवढंच तिला हवं होतं. मग चहा होईल आणि वाक्य आपोआप तोंडातून निघेल.

खण आडवे होते. बरं, असेल योगायोग. भरलेल्या प्रत्येक खणाच्या काठावर कागदाचा चिटोरा, चिटोऱ्यावर त्या त्या शाईचा खराखुरा ठसा, आणि शेजारी बारीक पेन्सिलीने काढलेला एक बाण. टोक खाली.

“हे बाण कसले?” तिने ओरडून विचारलं.

“तोंड खाली करून ठेवायच्या म्हणून.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? मागे एकदा मी खोकी पुसली, तेव्हा सगळ्या सुलट्या लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तू बसून एकेक परत पालथी केलीस. बोलली काही नाहीस. म्हटलं, असेल काहीतरी.”

मागे एकदा म्हणजे पाच वर्षांपूर्वी. तिला आठवलं. त्या दिवशी तिने तीन मैत्रिणींना फोन करून त्याच्या नावाने बोटं मोडली होती. त्याला मात्र काही म्हणाली नव्हती.

तिने भराभर खण तपासले. रोजच्या शाया डाव्या हाताला, खांद्याच्या खाली, ती डावखुरी. चमकीच्या, क्वचित लागणाऱ्या, वर. पुढे, पुढे... आणि सापडली! एकदाची सापडली! एका चिटोऱ्यावर गडद राखाडी ठसा, आणि त्या खणातून काढलेल्या डबीच्या झाकणावर फिकट राखाडी ठिपका. तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. बघ, आंधळा तो आंधळाच. तिने डबी उघडली, पाठकोऱ्या कागदावर दाबली.

गडद.

शेजारची उघडली. फिकट. झाकणांची अदलाबदल. ती रविवारी ठशांचा वर्ग घ्यायची, तिथे, घाईत, तिच्याच हातून झालेली. त्याने झाकणांवर विश्वास ठेवलाच नव्हता. बहात्तर डब्या, एकेक उघडून, एकेक कागदाला टेकवून... कधी केलं हे? मी कुठे होते?

आणि मग संताप आला. आत्ता? आत्ता सुचलं? वीस वर्षं कुठे झोपला होतास रे बाबा? की झोपलेला नव्हतास, आणि मीच... नाही. भिंतभर खण म्हणजे वीस वर्षं नव्हेत. ह्याला मी दिसते की माझ्या डब्या दिसतात? ह्याला माप दिसतं, माप! असं ती स्वतःला बजावत राहिली, पण बजावण्यात जोर राहिला नव्हता.

“आणि हे इतके रिकामे?” तिने बाल्कनीकडे तोंड करून विचारलं.

“वाढतील की. तू काय थांबणारेस होय?”

तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.

न पाहणाऱ्या माणसाला सोडून जाणं सोपं होतं. त्याचा दोष हा जिन्याच्या कठड्यासारखा होता. धरून खाली उतरता आलं असतं, आणि सगळे म्हणालेही असते, बिचारी, किती दिवस काढणार. आता दोष अर्धाच उरला, तोही हलणारा. पण मागची खोली... ती मात्र तशीच डोळ्यांसमोर होती. तिथली खिडकी, तिने कधी न पाहिलेली, तिथलं लांब टेबल. ती जराही पुसट झाली नव्हती. म्हणजे त्याने पाहिलं काय, न पाहिलं काय, मला जायचंच होतं? आधीपासून? आणि बारा दिवस मी फक्त त्याच्या चुकांच्या पावत्या जमवत होते?

मग ते वाक्य तिने नुसतंच म्हणून बघितलं, पुढे ‘कारण’ न लावता.

“मला जायचंय.”

हवाच निघाली फक्त. बाल्कनीतला झाडू थांबला.

“काय म्हणालीस?”

त्याला ऐकू गेलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.